‘वास नाही’ची चिठ्ठी

मशीन हातात आलं की राजरत्न आधी ते उलटं करायचा.

आणून देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा नाही, चपलांकडे बघायचा.

पत्ता विचारायचा नाही. मशीन घरात कुठे होतं, जमिनीवर की फळीवर, आणि त्याच्या वर काय ठेवलेलं होतं, एवढंच विचारायचा.

समोरच्याने नुसतं नाक खाजवलं तरी बोलता बोलता थांबायचा.

अंगातला शर्ट एका दिवसात धुवायला टाकायचा. दूध तापवण्याआधी चमचाभर जिभेवर घेऊन बघायचा. गॅस बंद केल्यावर बटण दोनदा चाचपायचा, आणि रविवारी नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघत बसायचा.

या सवयी मी दोन वर्षं बघत होते. मी एम. ए. मराठी आहे. माणूस काय करतो त्यावरून तो कसा आहे ते ओळखायचं, असं आम्हाला वर्गात शिकवलं होतं. मी ओळखलं ते एवढंच, की राजरत्न संशयी आहे. माझी अक्कल त्याच्या पुढे गेली नाही.

राजरत्न कासारे. वय तेहेतीस. नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची आई बकुळाबाई एका खोलीत राहतात. आजूबाजूच्या काही चाळी पाडून झाल्या, त्यांची अजून उभी आहे. चाळीजवळच्या विहारात अभ्यासिका आहे. कॉलेजात असताना मी लालबागहून तिथे अभ्यासाला जायचे, कारण आमच्या घरचा टीव्ही कधी बंद होत नसे. अभ्यासिकेच्या किल्ल्या राजरत्नकडे असायच्या. तो कोणाशी फारसा बोलायचा नाही. परीक्षेच्या दिवसांत झोप येऊ नये म्हणून मी उभी राहून वाचायचे. एकदा जवळ येऊन म्हणाला, “मॅडम, खुर्चीने काय केलंय तुमचं?” तेव्हापासून ओळख.

त्याचं काम ऐकून लोक हसायचे. लोकांनी विकलेले जुने व्हिडिओ गेम तो साफ करायचा. आधी तो एका मॉलमधल्या गेम पार्लरमध्ये होता. ते बंद पडलं, तेव्हा तिथली मशीनं ज्याने उचलली त्या हितेंद्रने यालाही उचललं. हितेंद्रचं गिरगावात छोटं दुकान आहे. टीव्हीला जोडायचा तो काळा कन्सोल, हातात धरायचे ते कंट्रोलर, कानावर चढवायचे ते हेडफोन, सगळं तो जुनं घेतो आणि विकतो. घेतलेली प्रत्येक वस्तू आधी नायगावला यायची.

माणसं विकताना खोटं बोलतात, असं राजरत्नचं मत. “सहाच महिने वापरलाय म्हणतात. पंख्यावर तीन दिवाळ्यांची धूळ असते.” तो पंखा माझ्यासमोर धरायचा. पात्यांवर करड्या लोकरीच्या नमद्यासारखा थर असायचा. कंट्रोलरचे दोन भाग जिथे जुळतात त्या फटीत हाताचा मळ बसतो. तो दात कोरायच्या लाकडी काडीने काढायचा. सुई लावली की प्लॅस्टिकवर ओरखडा उठतो. बटणांखाली सांडलेलं सरबत आणि वेफर्सचा चुरा. सिगारेट ओढणाऱ्या घरातल्या मशीनवर पिवळा राप. तो पाण्याने हलत नाही, स्पिरिटने दोनदा पुसावा लागतो. देव्हाऱ्याखाली ठेवलेल्या मशीनच्या जाळीत उदबत्तीची राख. झुरळांना मशीनची ऊब आवडते. एका कन्सोलमधून त्याने एकदा इतकी काढली, की बकुळाबाईंनी त्याला झाडू घेऊन पॅसेजमध्ये बसवलं.

वासाचं काम वेगळं. मळ निदान दिसतो. थंड मशीनला वास नसतो. अर्धा तास चालून ते तापलं, की पंखा आतला वास बाहेर फेकतो. त्यासाठी राजरत्नकडे तांदळाची जुनी कोठी होती. तळाला खायचा सोडा, कोळशाच्या पुड्या, वर जाळी, जाळीवर उघडं मशीन, आणि झाकण. चार दिवस.

शेवटी मशीनबरोबर खोक्यात एक चिठ्ठी जायची. “वास नाही.” खाली सही, राजरत्न. दुकानात हितेंद्र ती गिऱ्हाइकाला काढून दाखवायचा. त्याची अट एकच होती, आणि ती मी त्याच्या तोंडून दोनदा ऐकली आहे. “राजा, धूळ राहिली तर मी पुसून देईन. पण वासासाठी एक जरी मशीन परत आलं, की तुझं-माझं काम बंद. माझं दुकान त्या चिठ्ठीवर चालतं.”

राजरत्नकडे दुसरं काम नव्हतं.

दर बुधवारी तो मला बोलवायचा. मी गिरगावात एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासते. सुटल्यावर बसने नायगावला उतरायचे. बकुळाबाई त्या वेळी विहारात महिला मंडळाला गेलेल्या असायच्या. दार उघडं, पॅसेजमधून येणारे-जाणारे डोकावत. राजरत्न मशीन चालू करून कंट्रोलर माझ्या हातात द्यायचा. मला खेळता येत नाही. माझी गाडी भिंतीला जाऊन चिकटायची आणि तिथेच चाकं फिरवत राहायची. अर्ध्या तासाने तो म्हणायचा, “आता बघू साहित्यवाल्यांना काही कळतं का. जवळ जा. कसला वास येतो?”

मी डोळे मिटून सांगायचे. “लग्नाच्या हॉलचा. शेवटची पंगत उठल्यावरचा.”

“बरोबर.” आणि मशीन परत उघडायचा.

“ट्रंकेतल्या स्वेटरचा.”

“बरोबर.”

“काही नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“बरोबर.” मग चिठ्ठी लिहायचा.

दोन वर्षांत मी एकदाही चुकले नाही. संशय यायला हवा होता तो इथे. मला वाटलं, माझी वर्णनं त्याला आवडतात. खरं सांगायचं तर आणखीही काही वाटलं होतं.

माझ्या आईलाही वाटलं. तिचं नाव सुभद्रा, माहेर मालवणकडचं. “तो झील तुका दर बुधवारी कित्याक बोलावता गो?”

“मशीन बघायला.”

“मशीन!” ती म्हणाली. “आणि आडनाव काय त्याचा?”

मी सांगितलं. तिने माळ्यावरून सुक्या बोंबलांची पिशवी काढली आणि एकेकाचं मुंडकं मोडत बसली.

चाळीचा संशय वेगळा होता. एवढी मशीनं येतात कुठून? समोरच्या खोलीतला गौतम पोलिसात शिपाई आहे. तो येता-जाता म्हणायचा, “राजा, एक दिवस तुला उचलायला माझीच ड्युटी लागणार बघ.” सगळे हसायचे. राजरत्न हसायचा नाही. तो हसणाऱ्यांकडे एकेक करून बघायचा.

माझ्यावरही त्याचं लक्ष असायचं. “हितेंद्र भेटतो तुला?”

“त्याचं दुकान माझ्या रस्त्यावर आहे.”

“काय बोलता?”

“काय बोलणार? कशी आहेस, बरी आहे.”

“माझ्याबद्दल?”

“नाही रे.”

“मग ठीक.” पण ठीक वाटल्यासारखा तो दिसायचा नाही. मी याचाही अर्थ माझ्या सोयीने लावला.

फेब्रुवारीत वरळी कोळीवाड्यातून एक कन्सोल आला. राजरत्नने हितेंद्रला फोन लावला. मी शेजारीच होते.

“कुठे ठेवलेला?”

“टीव्हीखाली.”

“आणि वर?”

“वर काय, घर! अरे मी काय पंचनामा करायला गेलेलो?”

राजरत्नला ते उत्तर आवडलं नाही. मशीन चारऐवजी आठ दिवस कोठीत ठेवलं. बुधवारी मला तीनदा हुंगायला लावलं. तापल्यावर एकदा, तासाने एकदा, मग पंख्याला नाक लावून.

“घाई करू नकोस. मासळी?”

“नाही.”

“सुकी?”

“नाही रे बाबा. काहीच नाही.”

“शप्पथ?”

“शप्पथ कशाला? नाही म्हणजे नाही.”

त्याने चिठ्ठी लिहिली.

चौदाव्या दिवशी, पुन्हा बुधवारीच, हितेंद्र स्वतः ते खोकं घेऊन जिना चढून आला. त्या दिवशी महिला मंडळ नव्हतं, बकुळाबाई घरात होत्या. त्यांनी चहाचं विचारलं. हितेंद्र बसला नाही.

“खेतवाडीतलं गिऱ्हाईक आहे,” तो म्हणाला. “घरात अंडंसुद्धा येत नाही. बाई म्हणते, मशीन चालू केलं की हॉलमध्ये मासळीबाजार भरतो.”

राजरत्नच्या हातात काडी होती. ती त्याने खाली ठेवली.

“आणखी काय म्हणाली?” बकुळाबाईंनी विचारलं.

“काही नाही, मावशी.”

“नीट सांग. तुझ्या तोंडावर दिसतंय.”

हितेंद्र खोक्याकडे बघून बोलला. “विचारत होती, ये साफ कहाँ होता है? किसके घर में?”

“मग तू काय सांगितलंस?”

“नायगाव म्हटलं.”

“आणि मग वास वाढला असेल,” बकुळाबाई म्हणाल्या. “वास मशीनला नाही रे आला. पत्त्याला आला.”

“मावशी, मी तसं म्हणत नाहीये.”

“तू नाही म्हणत. ती म्हणतेय. तू फक्त उचलून आणलंस.”

मशीन चालू केलं. खोलीत आम्ही चौघं होतो. आवाज ऐकून गौतम आला, शेजारच्या सीमाताई आल्या, पॅसेजमधली आणखी माणसं आली. अर्ध्या तासात खोलीत उभं राहायला जागा नव्हती. बकुळाबाईंनी सगळ्यांच्या चहासाठी दूध गॅसवर ठेवलं. एकेकाने वाकून हुंगलं.

“काय नाय. फर्स्ट क्लास,” गौतम म्हणाला.

“मला तर उलट साबणाचा येतो,” सीमाताई म्हणाल्या. “आमच्या फ्रिजपेक्षा बरं आहे हे.”

“तुमचा फ्रिज उघडूच नका, पंचनामा करावा लागेल.”

“गप रे मेल्या.”

मीही हुंगलं. काही नव्हतं. हितेंद्रने दोनदा हुंगलं. “मलाही येत नाही, खोटं कशाला बोलू. पण मी दुपारी सुरमई खाल्लीय.”

“बारा नाकं आहेत इथे,” बकुळाबाई म्हणाल्या. “बारा. आणि त्या एका नाकाचं खरं?”

खोलीतली हवा बदलली. माणसं आता मशीनबद्दल बोलत नव्हती. कोणाला भाड्याने खोली दाखवून मग आडनाव विचारलं होतं, कोणाला ऑफिसात डबा वेगळा खायला सांगितलं होतं. एकजण हितेंद्रला म्हणाला, “त्या बाईचा नंबर दे.” हितेंद्र दाराकडे सरकला.

“राजा, तू बघ की,” गौतम म्हणाला. “चिठ्ठी तुझी. तुझ्या नाकावर सगळा धंदा.”

राजरत्न गुडघ्यांवर बसला. जाळीला नाक लावलं. डोळे मिटले.

तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं आणि करपलं. करपलेल्या दुधाचा वास एका क्षणात खोलीभर झाला. सीमाताई ओरडल्या, “दूध! दूध!” बकुळाबाई ओट्याकडे धावल्या. गौतमने रुमाल नाकाला लावला. कोणीतरी खोकलं. आणि राजरत्न तसाच बसून होता, जाळीला नाक लावून, छाती भरून श्वास घेत. मग त्याने मान वर केली.

“नाही,” तो म्हणाला. “कसलाच वास नाही.”

बाकी सगळे ओट्याकडे बघत होते. मी त्याच्याकडे बघत होते. मी बघितलं, हे त्याने बघितलं.

हितेंद्रने निरोप घेतला. जाताना म्हणाला, “मग एक कर. आजच्या तारखेची नवी चिठ्ठी लिहून ठेव. शनिवारी दुपारी मशीन नेतो, बाईला सांगतो बारा जणांनी बघितलं. पण राजा, खरंच काही असेल तर आत्ता बोल.”

“नाही,” राजरत्न म्हणाला.

मग राजरत्न आणि मी पॅसेजच्या टोकाच्या खिडकीशी उभे राहिलो. समोर नवीन इमारतीची क्रेन होती.

“कधीपासून?” मी विचारलं.

त्याने खिडकीच्या गजावरचा रंग नखाने खरवडला. मग म्हणाला, “अडीच वर्षं. ताप आलेला. ताप गेला, त्याच्याबरोबर हे पण गेलं.”

“डॉक्टर?”

“येईल म्हणाले. थेंब दिले. चव थोडी आली. वास नाही आला.”

“काकूंना?”

“आईला सांगितलं तर सकाळी नळावर, दुपारी गिरगावात.”

“म्हणून मला बोलवायचास. दर बुधवारी.”

तो गजाकडे बघत होता. “चहा पण द्यायचो की.”

मला हसू आलं आणि त्याला मारावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. दोन वर्षांची सगळी वर्णनं आठवली. लग्नाचा हॉल, ट्रंकेतला स्वेटर. तो ती ऐकत नव्हता, तपासत होता.

मग त्याने माझ्याकडे बघितलं, विकणाऱ्यांच्या चपलांकडे बघायचा तसं. “श्रेया, एक विचारू? त्या दिवशी तुला खरंच नव्हता आला?”

“म्हणजे?”

“हितेंद्र तुला भेटतो. त्याला दुसरा कोणीतरी स्वस्तातला माणूस मिळाला असेल. तू मुद्दाम...”

“मी घरी जाते,” मी म्हटलं.

घरी आले. आईने दार उघडलं आणि पुन्हा ओट्याशी गेली. तव्यावर सुके बोंबील भाजत होते. मला ते दिसले. मी उंबऱ्यात थांबले आणि मुद्दाम श्वास घेतला. काही आलं नाही. घर आलं फक्त.

“दारात काय उभी?” आई म्हणाली.

“आई, घरात कसला वास येतो गं?”

“कसलो वास? काय नाय.”

मी जेवले नाही.

शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या आधी नायगावला गेले. बकुळाबाईंकडून मशीन मागून घेतलं. राजरत्न अंघोळीला गेला होता. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर लतिकाताई बसतात. त्यांचं घर गिरगावातल्याच एका वाडीत आहे आणि ते पूर्ण शाकाहारी आहे. मी काही बोलले नाही. मशीन टेबलाखाली ठेवून प्लगला लावलं आणि प्रुफं पुढे ओढली.

वीसेक मिनिटांनी लतिकाताईंनी मान वर केली.

“श्रेया, डब्यात काय आणलंयस?”

“पोळी आणि दुधीची भाजी.”

“हो का?” त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. “रागावू नकोस हं. पण सुकट की बोंबील काय असेल ते जरा बाहेर ठेवशील? माझं डोकं दुखायला लागलंय.”

त्या उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली.

संध्याकाळी मी राजरत्नला सांगितलं. त्याने माझी उलटतपासणी घेतली.

“तिला मशीन कोळीवाड्याचं म्हणून सांगितलंस?”

“मशीन आहे हेच तिला माहीत नाही.”

“माझं नाव?”

“नाही.”

“नायगाव?”

“नाही. काहीच नाही. ती समजली माझा डबा आहे.”

“ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांग.”

मी सांगितलं. त्याने पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना तो खुर्चीत मागे टेकला.

“म्हणजे त्या बाईला खरंच आला,” तो म्हणाला. “तीन दिवस मी तिला शिव्या घालतोय.”

“आपल्या कोणालाच कळणार नव्हतं. माझ्या घरी रोज तेच असतं. तुमच्या पॅसेजमध्ये घरोघरी तेच असतं.”

“बारा नाकं,” तो म्हणाला. “आणि एक बंद.”

बकुळाबाई भाजी निवडत ऐकत होत्या. बारा नाकांपैकी बंद कुठलं, ते त्यांना त्या क्षणी कळलं नाही. त्या म्हणाल्या, “वास होता तर होता. पण तिने विचारलं ते विचारलंच ना? किसके घर में? ते धुऊन काढ आधी तुझ्या सोड्याने.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “राजा, चिठ्ठी लिही. त्या बाईसाठी आपल्या पोटावर पाय नको. दुसरं कोणी मासे खाणारं घेईल ते मशीन.”

हे अगदी चुकीचंही नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं. राजरत्नने मशीन परत खोक्यात ठेवलं.

शनिवारी दुपारी हितेंद्र आला. मीही गेले होते. खोकं तयार होतं, वर कोरा कागद आणि पेन होतं.

“झाली का लिहून?” हितेंद्रने विचारलं.

“वास आहे,” राजरत्न म्हणाला. “सुक्या मासळीचा. तुझी बाई बरोबर आहे.”

“बुधवारी नव्हता, आज कुठून आला?”

“बुधवारीही होता. मला कळला नाही. मला वासच येत नाही. अडीच वर्षं झाली.”

हितेंद्र हसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबवलं.

बकुळाबाईंच्या हातातलं ताट ओट्यावर आपटलं. “अडीच वर्षं?” त्या म्हणाल्या. “मागच्या महिन्यात मी खिचडी करपवली. तू म्हणालास, आई आज मस्त झालीय.”

“करपलेली होती?”

“कोळसा झाला होता रे!”

हितेंद्र पलंगाच्या कडेवर बसला.

“वेडा आहेस का तू?” तो म्हणाला. ओरडला नाही, हे मला जास्त लागलं. “हे मला कशाला सांगितलंस? अडीच वर्षांत एक मशीन परत आलं. एक! ते मी सांभाळलं असतं. माहीत नसतं तर चाललं असतं.”

“तूच म्हणालास, काही असेल तर बोल.”

“मशीनबद्दल बोल म्हटलं होतं. आता मी दुकानात चिठ्ठी कशी दाखवू? प्रत्येक खोकं उघडून मीच हुंगत बसू? आणि माझं नाक तरी कुठे धड आहे?” तो माझ्याकडे वळला. “आणि तू सांगायचीस याला? गेली दोन वर्षं दुकान तुझ्या नाकावर चाललं होतं?”

मी हो म्हटलं.

“मला कोणी सांगायचंच नाही,” तो म्हणाला. “छान.”

तो उठला. फळीवर सहा मशीनं होती, दोन अर्धी उघडलेली. ती त्याने गोणीत भरली. राजरत्नने कंट्रोलरच्या वायरी गुंडाळून दिल्या. कोळीवाड्याच्या मशीनला हितेंद्रने हात लावला नाही. “हे राहू दे तुझ्याकडेच,” म्हणाला. दारात थांबला, बकुळाबाईंना “येतो मावशी” म्हणाला आणि गेला. तो परत येणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळलं. बकुळाबाईंनी कपाळाला हात लावला नाही, त्या रडल्याही नाहीत. त्या मुलाजवळ आल्या आणि त्याच्या नाकाला बोट लावून बघितलं, गरम आहे का ते बघावं तसं.

थोड्या वेळाने राजरत्नने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. कोळीवाड्याचं मशीन त्यावर घेतलं आणि उघडायला लागला.

“आता कशाला?” मी विचारलं.

“बघायचंय कुठून येतो.”

पंखा स्वच्छ होता. उष्णता ओढणारी धातूची पट्टी स्वच्छ होती. तळाशी वीजपुरवठ्याचा पत्र्याचा छोटा डबा होता. तो त्याने आधी उघडलाच नव्हता. मी तीनदा “नाही” म्हटल्यावर उघडायची गरज वाटली नव्हती. त्याने डब्याच्या फटींवर बॅटरी मारली. आतली धूळ करडी नव्हती. पिवळट होती, ओशट. मशीनच्या वरच्या फळीवर काय असायचं, हे आता विचारायला नको होतं. त्याने चिमटा आत घातला आणि एक सुका जवळा बाहेर काढला. अख्खा, डोळ्यांच्या काळ्या ठिपक्यांसकट.

तो त्याने माझ्या नाकाखाली धरला. “येतो?”

“नाही.”

मग स्वतःच्या नाकाखाली धरला आणि डोळे मिटले. ते बघवेना. मी म्हटलं, “आण इकडे.” पण त्याने तो कागदावर नीट ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

डब्याला चार स्क्रू होते. तीन निघाले. चौथ्याची खाच झिजलेली होती, ड्रायव्हर नुसता फिरायचा. त्याने रबराचा तुकडा लावून बघितला, पक्कड लावून बघितली. हाताला घाम आला. “सोमवारी बारीक ड्रिल आणतो,” म्हणाला.

सोमवारी गौतमच्या ओळखीने त्याला परळच्या एका टॉवरमध्ये लिफ्टच्या देखभालीचं काम मिळालं. सकाळी आठला जातो, संध्याकाळी आठला येतो. रविवारी झोपतो. मी अजून कधीतरी बुधवारी जाते. तो नसतो, बकुळाबाई चहा देतात आणि दूध आधी स्वतः हुंगतात. मशीन खिडकीखाली त्याच वर्तमानपत्रावर उघडं आहे, वर जुना टॉवेल. बकुळाबाई त्याच्या भोवतीने केर काढतात. मागच्या आठवड्यात मी टॉवेल उचलून बघितला. तीन स्क्रू बाटलीच्या झाकणात होते. चौथा डब्यातच होता, आणि आतली धूळ तशीच.